परभणीहून दिल्ली युनिव्हर्सिटीला यायचं असेल तर

मी परभणीची, दिल्ली युनिव्हर्सिटीत इतिहास शिकते, त्यामुळे बारावीचा रिझल्ट लागला की मला परभणी, जिंतूर, गंगाखेडकडून फोन सुरू होतात. कुणाची आत्या असते, कुणाचे सर असतात, कधी पोरगी स्वतःच लपून फोन करते. प्रश्न ठरलेले, एक म्हणजे दिल्ली युनिव्हर्सिटीत आपल्या महाराष्ट्राच्या मुलांना जास्त फी पडते का, आणि दुसरा म्हणजे एवढ्या लांब पाठवावं का. फोनवर प्रत्येकाला तासभर सांगत बसते तरी निम्मं राहूनच जातं, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू, ज्याला लागेल त्याला पाठवता येईल.

तर आधी फीचं. नाही पडत जास्त. एक रुपया पण नाही. डीयू ही केंद्रीय युनिव्हर्सिटी आहे, १९२२ ची, नव्वदच्या वर कॉलेजं आहेत तिच्याखाली आणि दिल्लीत जन्मलेल्या मुलाला जी फी तीच परभणीच्या, कोहिमाच्या आणि कोट्टायमच्या मुलाला. डोमिसाइलचा कोटा नाही. माझी एक मावसबहीण अमेरिकेत असते, तिच्या मुलाचं कॉलेज बघायचं चाललं होतं तेव्हा ती सांगत होती की तिथं मोठमोठ्या सरकारी युनिव्हर्सिट्या त्या त्या राज्याच्या असतात, म्हणून शेजारच्या राज्यातलं पोरगं आलं तरी त्याला दुप्पट-तिप्पट फी लावतात. आपल्याकडेही राज्याच्या युनिव्हर्सिट्यांचं गणित वेगळं असतं, दिल्लीतल्याच इंद्रप्रस्थ युनिव्हर्सिटीत ८५ टक्के जागा दिल्लीतून बारावी केलेल्या मुलांना आहेत. डीयूत तसं काही नाही. ही युनिव्हर्सिटी देशाच्या पैशावर चालते म्हणजे आपल्या आईबापाच्या टॅक्सवर पण चालते, तिच्यावर आपला हक्क आहे, आणि तो हक्क बिहार, यूपी, राजस्थान, केरळची मुलं दरवर्षी येऊन वसूल करतात, आपली मुलं मात्र पुण्याच्या पुढे बघतच नाहीत. मला याचं खरंच वाईट वाटतं. आपल्याकडे हुशार पोरगं म्हणजे लातूरला नीटच्या क्लासला, नाहीतर पुण्याला, आणि एखादीनं आर्ट्स घेतलं म्हटलं की नातेवाईक असं बघतात जणू घरात काहीतरी वाईट घडलंय. मला इतिहास शिकायचा होता. पप्पा म्हणाले, पुण्याला काय कमी आहे का. कमी काहीच नाही, पण दिल्लीत एकेका कॉलेजच्या इतिहास विभागात जितके शिक्षक असतात आणि ज्या लायब्रऱ्या आहेत ते एकदा बघितलं की कळतं मी काय म्हणतेय ते.

मी २०२२ ची बॅच. सीयूईटीची, म्हणजे केंद्रीय युनिव्हर्सिट्यांच्या सामाईक प्रवेश परीक्षेची, पहिलीच बॅच आमची. त्याच्या आधी बारावीच्या मार्कांवर कटऑफ लागायचे आणि २०२१ मध्ये तर काही कोर्सचे कटऑफ १०० टक्क्यांवर गेले होते, आपल्या बोर्डाच्या आर्ट्सच्या मुलीला ते कुठून जमणार. सीयूईटी आली आणि दार उघडलं, हे मी मनापासून मानते, त्या परीक्षेवर कितीही टीका झाली तरी. पण एक गोष्ट नीट समजून घ्या, पेपर येतो एनसीईआरटीवर, म्हणजे सीबीएसईच्या शाळांत चालतात त्या केंद्राच्या पुस्तकांवर. बालभारतीचं बारावीचं इतिहासाचं पुस्तक आणि एनसीईआरटीची इतिहासाची तीन पुस्तकं यांचं जवळजवळ काही जुळत नाही. तिकडं हडप्पा, महाभारत, भक्ती-सूफी, विजयनगर, आपल्याकडं युरोपचा वसाहतवाद वगैरे. म्हणजे बोर्डाचा अभ्यास वेगळा आणि सीयूईटीचा वेगळा, दोन्ही एकाच वर्षात. अकरावीपासूनच ती पुस्तकं वाचायला घ्या, एनसीईआरटीच्या साइटवर फुकट आहेत. आणि सीयूईटी १३ भाषांत होते त्यात मराठी आहे, भाषेचा पेपर मराठी घेता येतो, हे आमच्याकडच्या किती सरांना माहीत नसतं.

आमच्या वर्षी सगळं लांबलं. परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये, रिझल्ट सप्टेंबरमध्ये आणि जागावाटपाची पहिली यादी आली ती ऐन दिवाळीच्या तोंडावर. घरात करंज्या तळणं चालू आणि मी मोबाईलवर पोर्टल रिफ्रेश करत बसलेली. सीट मिळाली ती दोन-तीन दिवसांत ॲक्सेप्ट करायची, फी भरायची, आणि २ नोव्हेंबरला वर्ग सुरू. आता बऱ्यापैकी वेळेवर होतं, तरी यादी लागल्यावर श्वास घ्यायला वेळ मिळत नाही हे धरून चला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कागदपत्रं. मुलं हुशारीत कमी पडत नाहीत, कागदात अडकतात. माझंच सांगते. आम्ही राज्यात एनटी-डी, म्हणजे भटक्या जमाती ड. केंद्रात एनटी नावाचा प्रवर्गच नाही, तिथं आम्ही ओबीसीत येतो, आणि ते दाखवायला केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी सर्टिफिकेट लागतं. राज्याचं जात प्रमाणपत्र, राज्याचं नॉन क्रिमीलेअर, हे कितीही खरं असलं तरी तिथं चालत नाही. आमच्याकडच्या एका सेतूवर पप्पा गेले तर त्या माणसानं राज्याच्याच नमुन्यात काढून दिलं, वर म्हणाला हेच चालतं सगळीकडं. मी नमुना प्रिंट काढून दिला, त्यावर इंग्रजीत वर काय लिहिलंय ते दाखवलं, तेव्हा कुठं तहसीलमधल्या एका बाईंनी नीट वाचून सांगितलं की हे वेगळं असतं, याला असा असा अर्ज करा. त्यात परत तारखेचं आहे, नॉन क्रिमीलेअर त्याच वर्षीच्या ३१ मार्चनंतरचं पाहिजे, गेल्या वर्षीचं घेऊन गेलात तर परत पाठवतात. ज्यांना राज्यात एसईबीसी आहे त्यांनी लक्षात घ्या, ते आरक्षण केंद्रात नाही, पण उत्पन्न आणि बाकी अटींत बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस निघू शकतं, आणि तेही वेगळंच काढावं लागतं. हे सगळं एप्रिलमध्येच उरकून ठेवा. जूनमध्ये सेतूला अख्खा जिल्हा उभा असतो.

आणि नाव! आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर कुणाचं नाव आधी असतं, कुणाचं वडिलांचं नाव गायबच असतं, जातीच्या दाखल्यावर तिसरंच. आपल्या गावात हे कुणी बघत नाही कारण सगळ्यांचंच तसं असतं. दिल्लीत कागद तपासणाऱ्याला यातलं काहीच माहीत नाही, त्याला दोन वेगळी माणसं वाटतात. फॉर्मवर दहावीच्या मार्कशीटवर जसं आहे तसंच नाव टाकायचं, त्याच क्रमानं, आणि बाकीचे कागद शक्यतो त्याच्याशी जुळवून घ्यायचे. वर्गात पहिले काही महिने मॅडम मला आडनावानं हाक मारायच्या, त्यांना वाटायचं तेच माझं नाव. डोमिसाइलपण काढूनच ठेवा, डीयूला लागत नाही पण उद्या लॉ किंवा एमबीएच्या सीईटीला महाराष्ट्रात परत आलात आणि ग्रॅज्युएशन बाहेरून झालेलं असेल तर त्याच्याशिवाय हलत नाही.

फी कमी आहे म्हटलं, ती खरंच कमी आहे, माझ्या कॉलेजची वर्षाची फी २० हजारांच्या आत आहे. पण खर्च फीत नाही, खर्च राहण्यात आहे. बाहेरून येणाऱ्या मुलाची खरी फी म्हणजे खोलीचं भाडं. हॉस्टेल सगळ्या कॉलेजांना नाही, जिथं आहे तिथं जागा मूठभर, त्या दिल्लीबाहेरच्या मुलांनाच देतात खऱ्या, पण मेरिटवर. मला पहिल्या वर्षी नाही मिळालं. मग पीजी. नॉर्थ कॅम्पसला विजय नगर, हडसन लेन, कमला नगर, जीटीबी नगर ही सगळी पीजीची वस्ती, साउथला सत्य निकेतन. दोघींत एक खोली, दोन वेळचं जेवण धरून महिन्याला १२-१५ हजार सहज जातात, म्हणजे एका महिन्याचं भाडं आणि वर्षाची फी जवळपास एकच. वर लाइटचं बिल वेगळं, प्रत्येक खोलीला छोटं मीटर असतं आणि युनिटला मालक म्हणेल तो दर. माझ्या पहिल्या पीजीत एसी लावलाच नाही तरी बिल येत होतं, विचारलं तर म्हणे कॉमन एरियाचं आहे. डिपॉझिट सोडताना परत द्यायला पण लई घासाघीस केली. मी आणि माझ्या रूममेटनं, ती बिहारच्या दरभंग्याची, दोघींनी बसून प्रत्येक पावती, प्रत्येक व्हॉट्सॲप मेसेज काढला, समोर ठेवला आणि पैसे घेऊनच उठलो. म्हणून सांगते, पावती घ्या, मीटरचा फोटो पहिल्या दिवशीच काढा, आणि फोटो बघून ऑनलाइन टोकन भरू नका, कितीही घाई करू देत. चार दिवस ओळखीच्या सीनियरच्या खोलीवर राहा, बघा, मग ठरवा.

पैशाचं अजून एक. राज्याच्या बऱ्याच शिष्यवृत्त्या महाराष्ट्रातल्या कॉलेजात शिकत असाल तरच मिळतात, त्यामुळे घरच्यांनी त्या धरून हिशेब केला असेल तर तो चुकतो. पण केंद्राची एक आहे, बारावीला आपल्या बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज करता येतो, ग्रॅज्युएशनला वर्षाला १२ हजार. तुम्ही कुठल्या राज्यात शिकताय याच्याशी तिचा संबंध नाही. फार नाहीत पण माझी पुस्तकं, झेरॉक्स आणि रेल्वेची तिकिटं त्यातच निघाली.

झेरॉक्सवरून आठवलं. इथं एका पुस्तकावर कुणी शिकवत नाही. प्रत्येक पेपरला रीडिंग्जची यादी असते, एक चॅप्टर या पुस्तकातला, एक त्या पुस्तकातला, आणि ती पुस्तकं हजार-दोन हजारांची. त्याची झेरॉक्स बाइंड करून मिळते. तुम्हाला माहीत आहे का, याच्यावर केस झाली होती. मोठमोठ्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये डीयूच्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या एका छोट्या झेरॉक्सच्या दुकानावर आणि युनिव्हर्सिटीवर दावा ठोकला होता, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टानं निकाल दिला की शिकण्या-शिकवण्यासाठी अशा प्रती काढणं कायद्यात बसतं. माझ्यासारख्या मुलीचं शिक्षण ज्या निकालावर उभं आहे तो मी दुसऱ्या वर्षी शोधून वाचला, सगळा नाही समजला, पण खूप बरं वाटलं.

इंग्रजीची भीती बऱ्याच जणांना असते आणि ती खोटी नाही. पेपर इंग्रजी किंवा हिंदीत लिहिता येतो, मराठीत नाही. माझी दहावीपर्यंत मराठी मीडियम. पहिलं सेमिस्टर रोज एक पान वाचायला एक तास लागायचा, डिक्शनरी उघडी ठेवून. मी एकच केलं, वाचलेलं मराठीत वहीत लिहून काढायचं आणि मग त्याचंच इंग्रजी करायचं. तिसऱ्या सेमिस्टरला ती वही आपोआप सुटली. ट्युटोरियलला आठ-दहा मुलंच असतात, तिथं तोंड उघडावंच लागतं आणि तिथंच इंग्रजी सुधारतं, मोठ्या लेक्चरला नाही.

हवेबद्दल खोटं बोलणार नाही. नोव्हेंबरमध्ये दिल्लीची हवा वाईट असते, २०२४ च्या नोव्हेंबरात तर इतकी बिघडली की काही दिवस वर्गच ऑनलाइन घेतले. ज्याला दमा आहे त्यानं डॉक्टरला विचारूनच ठरवावं. थंडीची तयारी मात्र परभणीहून करून येऊ नका, आपल्याकडची स्वेटरं तिथं काहीच कामाची नाहीत, रजई आणि जॅकेट दिल्लीतच घ्या.

जाण्या-येण्याला आपल्या मराठवाड्याला देवानं सचखंड एक्सप्रेस दिली आहे असंच मी म्हणते. नांदेडहून निघते, परभणी, जालना, संभाजीनगर, मनमाड करत दुसऱ्या दिवशी दुपारी नवी दिल्ली, पुढं अमृतसर. गुरुद्वाऱ्याची गाडी असल्यामुळे वाटेत काही स्टेशनांवर शीख सेवेकरी लंगर घेऊन उभे असतात. गाडी थांबायच्या आधीच डब्यातली जाणती माणसं ताटल्या, डबे, पातेली घेऊन दारात येतात, कारण भांडं आपलं न्यायचं असतं. खालून मोठ्या बादल्यांतून कढी-भात, कधी खिचडी, कधी भाजी-पोळी, वाढणारा विचारत नाही तू कोण, कुठली, तिकीट कुठल्या वर्गाचं. पहिल्यांदा मी एकटी जात होते तेव्हा माझ्याकडे भांडं नव्हतं, समोरच्या बर्थवरच्या जालन्याच्या मावशींनी त्यांच्या डब्याचं झाकण दिलं, म्हणाल्या घे लेकरा, परत येताना स्टीलचा डबा आठवणीनं ठेवत जा. तेव्हापासून डबा बॅगेत असतोच. दिवाळीचं तिकीट मात्र दोन महिने आधी, बुकिंग उघडल्या सकाळीच काढावं लागतं.

आता जे मला सगळ्यात जास्त टोचतं ते. केरळच्या मुलीला ॲडमिशन मिळाली की ती दिल्लीत उतरायच्या आधी तिच्या राज्याच्या सीनियर मुली तिला फोन करतात, स्टेशनवर घ्यायला येतात, खोली बघून ठेवलेली असते, कागद कुठला कमी आहे ते सांगतात. ईशान्येच्या मुलांचंही तसंच. आपलं असं काही नव्हतं. मराठी मुलं आहेत, पण विखुरलेली, कुणी एका कॉलेजात कुणी दुसऱ्या टोकाला, आणि बरेचसे यूपीएससीवाले राजेंद्र नगर-मुखर्जी नगरला त्यांच्या अभ्यासात. एकमेकांना ओळखतच नाही. मला एक मराठी ताई भेटली ती सहा महिन्यांनी, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनाच्या कॅन्टीनमध्ये, शेजारच्या टेबलावर कुणीतरी मराठीत फोनवर भांडत होतं म्हणून मी वळून बघितलं. ती साउथ कॅम्पसला होती, अकोल्याची. आम्ही दोघींनी मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप सुरू केला.

त्या ग्रुपवरचे आम्ही बरेच जण २०२५ च्या फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियमला ९८ व्या मराठी साहित्य संमेलनाला गेलो होतो. दिल्लीत याच्या आधीचं संमेलन १९५४ मध्ये झालेलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष होते, म्हणजे सत्तर वर्षांनी. अध्यक्ष तारा भवाळकर. याच तालकटोऱ्याच्या परिसरात १७३७ मध्ये बाजीरावाची छावणी पडली होती, आणि आम्ही तिथं पुस्तकांच्या स्टॉलवर उभं राहून मोठमोठ्यानं मराठी बोलत होतो. परत येताना मेट्रोत सगळ्यांच्या हातात पिशव्या होत्या आणि त्या एका दिवसात ग्रुपवर जेवढे नवीन नंबर जोडले गेले तेवढे आधीच्या दोन वर्षांत नव्हते गेले.

आणि पुण्याला राहिले असते तर एक गोष्ट नसतीच घडली. माझ्या वर्गात कर्नालकडची एक मुलगी आहे, रोड समाजाची. हरियाणातले हे लोक स्वतःला पानिपतच्या लढाईतून मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. मी परभणीची आहे कळल्यावर ती म्हणाली तुला घरी यावंच लागेल. १४ जानेवारीला, त्याच तारखेला १७६१ ची लढाई झाली, मी तिच्या घरच्यांसोबत पानिपतजवळ काला आंबच्या स्मारकावर गेले. महाराष्ट्रातून गाड्या भरून माणसं आली होती, फेटे, भगवे झेंडे. तिथून त्यांच्या गावी. तिचे आजोबा खाटेवर बसले होते, हुक्का बाजूला ठेवला, माझं गाव विचारलं, पुणे किती लांब, शेतात काय पिकतं, पाऊस कसा असतो. मी कापूस, सोयाबीन सांगितलं. मग म्हणाले, बेटी, तू तो म्हारे घर की सै. तिच्या आईनं बाजरीची भाकरी केली होती, वर लोण्याचा गोळा, आणि मला आमच्याकडची थापायची पद्धत दाखव म्हणून चुलीपुढं बसवलं. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला माहीत आहे की असे वारसे कागदावर सिद्ध करणं फार अवघड असतं, आमच्या सरांशी मी त्यावर बराच वाद घातलाय. आता चौथं वर्ष चालू आहे, त्यात रिसर्चचा भाग असतो, आणि मी हाच विषय घेतलाय, ही आठवण त्या गावांमध्ये कशी टिकली, कुणी टिकवली. परभणीची मुलगी कर्नालच्या गावांत फिरून म्हाताऱ्या माणसांशी बोलते आहे, आणि याची फी वर्षाला २० हजारसुद्धा नाही.

पप्पा आता स्वतः लोकांना सांगतात. मागच्या महिन्यात एका मित्राला सेंट्रल फॉरमॅट म्हणजे काय ते फोनवर समजावत होते, मी शेजारीच होते.

यंदा बारावीला असाल आणि हे वाचत असाल तर आजच दहावीची मार्कशीट आणि आधार शेजारी शेजारी ठेवून नाव तपासा. जुळत नसेल तर याच आठवड्यात आधार दुरुस्तीला टाका, त्याला वेळ लागतो. ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसचा नमुना एनटीएच्या (सीयूईटी घेणारी संस्था) किंवा डीयूच्या साइटवरून डाउनलोड करून, प्रिंट काढून, सेतूवर सोबत न्या. सीयूईटीचा फॉर्म भरताना विषय निवडण्याआधी डीयूच्या बुलेटिनमध्ये तुमच्या कोर्सला कुठलं कॉम्बिनेशन चालतं ते बघा, नाहीतर मार्क चांगले पडूनही त्या कोर्सला अर्जच करता येत नाही. आणि सीट मिळाली की निघायच्या आधी कळवा. नवी दिल्ली स्टेशनवर आमच्यातलं कुणीतरी घ्यायला येईल, तिथून येलो लाइननं विश्वविद्यालय स्टेशन थेट आहे.